आर्विदची बोट

दहा वर्षं तुटपुंज्या पगारावर गोरगरिबांचे खटले लढवले आणि हप्ते भरले, की शिक्षणाचं उरलेलं कर्ज सरकार माफ करणार होतं. अमेरिकेतल्या ड्युलूथ बंदरातल्या वकिलीणबाई मारिटचा त्या माफीआधी आता एकच हप्ता भरायचा राहिला होता.

"सरकार कुणाला फुकट काही देतं होय? खुळी आहेस," तिचा बाप आर्विद पहिल्या दिवसापासून हेच ऐकवत आला होता.

रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली, तर धक्क्याला त्याची बोट दिसेना.

"विकली," तिच्या ताटात मासा वाढत तो म्हणाला. "काल तुझं सगळं कर्ज फेडून आलो. आता त्या सरकारच्या तोंडाकडे बघत बसायला नको."

 

मारिटने ताट पुढे ओढलं. "बरं केलंस, बाबा. ते मला फसवणारच होते."