बिनपायरीची बस

पहिल्याच फेरीला बसचं बूड स्पीडब्रेकरवर घासलं. आवाज असा आला, की ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या बायका दोन पावलं मागं सरल्या. ड्रायव्हर कृष्णातनं बस मागं घेतली, खाली वाकून पाहिलं आणि साताऱ्याहून आलेल्या एसटीच्या साहेबांकडं बघून नकारार्थी मान हलवली.

"एवढा उंच कुणी केला हा?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा बायकांत पुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्या रंगूबाईकडं गेल्या.

"मी," रंगूबाई म्हणाली. "ठेकेदार हात राखून टाकत हुता. म्हटलं, वत अजून. तुमच्या गाडीचं पोट एवढं खाली आलंय त्याला मी काय करू? दिवस भरल्यात का तिचं?"

माणसं हसली. साहेब हसले नाहीत.

"बॅटरीची बस आहे आजी, हिची बैठक खालीच असते. सोमवारपर्यंत हा निम्मा तासा. नाहीतर बस बायपासनं जाईल, वस्तीत येणार नाही."

"निम्मा केल्यावर उसाचे ट्रॅक्टर थांबत्यात व्हय? गाणी लावून उडवत नेत्यात."

चार वर्षांपूर्वी इथंच, शाळेच्या फाटकासमोर, अशाच एका ट्रॅक्टरनं तिच्या नातीचे, दीपमालाचे पाय नेले होते. मग रंगूबाई तीन दिवस रस्त्यात बसून राहिली, तेव्हा कुठं हा स्पीडब्रेकर झाला. त्यानंतर इथं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

एवढ्यात कृष्णातनं बसच्या दारातली फळी बाहेर टाकली. "ये ताई, बघ तरी बसून."

दीपमालानं खुर्चीची चाकं स्वतःच फिरवली. पायरी नव्हतीच. कुणी काखेत हात घातला नाही, कुणी "उचला रं" म्हणालं नाही. ती आत गेली आणि खिडकीशी जाऊन थांबली. एरवी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये तिला उचलून चढवताना बाप मान खाली घालायचा आणि ती डोळे मिटून घ्यायची. त्यापायीच बारावीनंतर तिनं कॉलेजचा विचार सोडून दिला होता.

"उतर आता, ओवाळायला बाया खोळंबल्यात," रंगूबाई म्हणाली.

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"आज्जे, मला कालेजात जायाचंय. माझ्यामुळंच केलास न्हवं तू त्यो? मग माझ्यासाठी तास."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रंगूबाईला असं कुणी कधी सुनावलं नव्हतं. नात खिडकीतून तिच्याकडं बघत होती. किती दिवसांनी ती अशी मान वर करून बसली होती.

"आप्पासो, पहार आण घरातनं."

शेजारच्या आप्पासोनं पहार आणली आणि स्वतःच पुढं झाला. "तुमी सरा आक्का, तुमच्यानं उचलंल का?"

"सर बाजूला. वतायला मी लावला, पैला घाव माझाच."

तिनं पदर खोचला, पहार उचलली. तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. फाटक उघडलं आणि नवी बस बघायला पोरं रस्त्यावर सुटली, वारं भरल्यासारखी. आधी लहान वर्ग, मागून मोठे. एकानंही उजवीडावीकडं मान वळवली नाही.

रंगूबाईचे हात वरच राहिले.

"आरं, दोनी अंगाला बघा की रं!" ती ओरडली.

दोन वेण्यांची एक पोरगी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि हसली.

"काय बघायचं, आज्जी? हितं गाड्या आपसूक थांबत्यात."