मिस्त्रींचा मार्लिन

"या वेळी कमरेला सांगून ठेव वहिनी, मी आलेय म्हणून," नणंद म्हणाली आणि तिने भावाच्या बॅगेची चेन ओढून बंद केली.

वहिनी कमरेला पट्टा बांधून सोफ्यावर बसली होती. नणंदेचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं, पण पट्टा आणखी घट्ट ओढला. हिला कळलंय की काय?

मिस्त्री आतल्या खोलीत टोपी शोधत होते. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, घरातसुद्धा. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी बाहेर काढलं आणि स्वतः मात्र बायकोच्या कमरेपायी अडकून पडले, असं त्यांचे कामावरचे सोबती म्हणत. घरात नाही, जाताना जिन्यात. जिन्यातलं बोलणं घरात ऐकू येतं हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

मिस्त्रींना वेड एकच, मार्लिनचं. दूरच्या कोमट समुद्रातला, भाल्यासारख्या चोचीचा, माणसाहून लांब मासा. गळाला लागला की तासन्‌तास झुंजवतो. इतकी ओढ असते की होडीतल्या खुर्चीला स्वतःला पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागतं. तरुणपणी कुठल्याशा मासिकात त्यांनी त्याचं चित्र पाहिलं आणि झपाटलेच. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर उभं राहून खाली सोडलेला पाण्याचा भरलेला कॅन ते गळाने वर ओढत. खाली पोरं टाळ्या पिटत. रीळ आणि दोऱ्या यांवर त्यांची गाडी घसरली की पाहुणे चपला शोधायला लागत.

पहिल्यांदा जायचं ठरलं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ती जिन्यात घसरली. ती कळ खरी होती, देवाशपथ खरी. दुसऱ्या वेळी कंबर केव्हाच बरी झाली होती. पण मिस्त्री बॅग भरायला लागले आणि तिच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, ते पट्टे आले. मासा दोरीसकट खाली गेला आणि पट्टा सुटलाच नाही तर? तिने कंबर धरली आणि मटकन खाली बसली. मग ते अंगवळणीच पडलं. बॅग निघाली की कळ आलीच.

मिस्त्रींच्या कपाळाला कधी साधी आठी पडली नाही. "जाऊ दे गं, मासा कुठे पळून जातोय," असं म्हणत ते कपडे पुन्हा कपाटात लावत आणि शीळ घालत स्वयंपाकघरात चहा टाकत. माणूस सोन्यासारखा. त्या शिळेने तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शिवाय खोटी कंबर सांभाळायची तर खरीपेक्षा जास्त जपावी लागते. भाचीच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. बाजार सुटला, मैत्रिणींबरोबरचं फिरणं सुटलं. मिस्त्री कामावर गेले की ती पट्टा सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भराभर चालायची, आणि जिन्यात पाऊल वाजलं की पुन्हा सोफ्यावर. स्वतःच लावलेल्या कडीच्या आत ती म्हातारी होत चालली होती.

आता मिस्त्री निवृत्त झाले होते. सोबत्यांनी निरोपाची भेट म्हणून होडीच ठरवून दिली, आणि वहिनीची सबब नको म्हणून त्यांच्या बहिणीलाही बोलावून घेतलं. बायकोनेही मनाशी पक्कं केलं होतं. आज नाही. जीव टांगणीला लागला तरी हूं की चूं करायचं नाही. माणसाने आपल्यासाठी इतकं सोसलं, एकदा आपणही सोसावं.

मिस्त्री टोपी घालून बाहेर आले.

"कंबर कशी आहे?"

"छान आहे."

"छान? रात्री कुशीवर वळताना कण्हलीस तू."

"स्वप्न पडलं असेल हो."

"आणि पाय? मागच्या वेळी कळ पायात उतरली होती. मुंग्या नाहीत ना येत? बघ नीट."

"नाही येत. तुम्ही निघा आता."

"दादा, पुरे की रे!" नणंद म्हणाली. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं, वहिनी."

तिचे डोळे भरून आले. तेवढं मात्र नणंदेचं खरं होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. "मी बॅग ठेवून येते," म्हणत नणंद जिना उतरली.

मिस्त्रींनी बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. त्यांच्या कपाळावर घाम होता. इतक्या वर्षांची इच्छा पुरी होताना माणसाचं असं होणारच, असं तिला वाटलं. ते दारापर्यंत गेले आणि खिडकी लावायला परत आले. खिडकी लावलेलीच होती. मग मोरीतला नळ बघून आले. हॉर्न पुन्हा वाजला.

आता तिला राहवेना. तिने पट्टा सोडून सोफ्यावर टाकला आणि कशाचाही आधार न घेता त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली.

"हे बघा, मी ठणठणीत आहे. माझी काळजी करू नका. निर्धास्त जा."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी दाराबाहेर डोकावून जिन्यात कोणी नाही याची खात्री केली, घाईने जवळ आले आणि तिचा हात घट्ट धरला. निघताना काही मायेचं बोलतील म्हणून तिने कान पुढे केला.

"अगं, कण्हत का नाहीस आज?" ते रडवेल्या आवाजात कुजबुजले. "गाडी खाली येऊन थांबलीय!"