वडाला टांगलेलं इंजिन

इंजिन वडाला टांगलेलं होतं आणि त्याच्या खाली खंडेरावांचं डोकं होतं.

पूजेचं ताट हातात धरून रखमा जागीच थबकली. तारापूरच्या नव्या वीजघराकडे जाणारा रस्ता बांधला जात होता. त्या कामावरचा जुना बुलडोझर तिचा नवरा खंडेराव चालवत. त्याचं इंजिन फुटलं, नवं बोईसर स्टेशनात येऊन पडलं, पण उचलून बसवायला क्रेन कुठली? सालवड गावाच्या अलीकडच्या या वडाची आडवी फांदीच काय ती वजन पेलेल अशी. दोन ट्रकांनी ओढून मशीन वडाखाली आणलं होतं, फांदीवर साखळी टाकली होती. आणि आज नेमकी वटपौर्णिमा. जवळपास दुसरा वड नव्हता.

"रखमाबाय, तुजा देव तर आज कामाला लागला गो!" मातीच्या पाट्या टाकणारी भागी सावलीत बसून हसली.

साखळी धरून उभा असलेला फिटर चंद्रभान ओरडला, "भाभी, दूर रहो! चेन पुरानी है!"

"तुमी तुमचं करा, भावजी. मी माझं करते," रखमा हळूच म्हणाली आणि सुताचं टोक बुंध्याला लावून चालू लागली.

मशीनचं नाक बुंध्याला भिडलेलं. मधून जायला वाट नव्हती. मग तिनं मशीनलाही फेरीत घेतलं. पुढून वड, मागून बुलडोझर, आणि सूत दोघांना मिळून.

"वडाला बांदतेस का नवऱ्याला?" भागीनं विचारलं.

"दोघं एकाच ठिकाणी सापडलेत, तर काय करू?"

बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला गेली तेव्हा तिच्या बोटांना पांढरं लागलं. तिनं वर पाहिलं. सालीवर चुन्याचा पट्टा होता, ताजा. या रस्त्यावरच्या आंब्यांना असेच पट्टे लागले होते. ते आंबे आता नव्हते. खंडेरावांच्याच मशीननं ते लोटले होते.

ती तशीच पुढं चालली. मशीनच्या मागं पोचली आणि समोर साखळी करकरली, सटकली. वरून पानं झडली. कुणीतरी "खंडेराव!" अशी हाक मारली. तिथून तिला काही दिसत नव्हतं. धावत जावं असं पायांत आलं. पण फेरी अर्ध्यात मोडायची नसते. तिनं सूत घट्ट धरलं आणि एकेक पाऊल टाकत पुढं आली.

इंजिन हातभर खाली येऊन झुलत होतं. खंडेरावांची टोपी मातीत पडली होती. ते मात्र सुखरूप होते. कपाळाचा घाम पुसत ते चंद्रभानला म्हणाले, "धरलं रे फांदीनं. आता सोड, हळू."

इंजिन जागेवर बसलं. साखळीनं साल सोलली होती तिथून वडाचा पांढरा चीक त्याच्यावर टपकला. चंद्रभाननं फडकं मारलं, तो निघेना.

उरलेल्या फेऱ्या घालून रखमा नवऱ्याजवळ आली. "यालाबी चुना लागलाय."

खंडेराव नट आवळत राहिले. "व्हय."

"मशीन सुरू झालं, की?"

"हाच पहिला."

ती परत वडासमोर गेली. हात जोडले. दरवर्षी मागायची तेच मागायचं होतं, पण शब्द ओठांवर येईना. ज्याचं स्वतःचं आयुष्य उद्यापरवावर आलंय, त्याच्याकडं दुसऱ्याचं मागायचं कसं? ती नुसती उभी राहिली. मग बुंध्यावर कुंकू लावलं, अगदी चुन्यावरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन आली. उपास सोडायचा होता, पण खंडेराव जेवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती. इंजिनानं आधी खाकरल्यासारखं केलं, मग एकदम सूर धरला. काळा धूर पानांत शिरला. मुकादम आत्माराम छत्री उंचावून म्हणाला, "चला, आता यालाच घ्या! पाऊस यायच्या आत मोकळं व्हायला हवं."

खंडेरावांचा हात दांड्यावर होता. त्यांनी रखमाकडं पाहिलं नाही. वर, साखळीनं सोललेल्या फांदीकडं पाहिलं.

"नवं इंजिन हाय, मुकादम. आल्याआल्या एवढा जोर लावला तर हेबी फुटंल. आधी जरा माती लोटू द्या."

"किती दिवस?"

"त्याच्या छातीत दम येईस्तोवर."

आत्मारामनं चंद्रभानकडं पाहिलं. चंद्रभान चिकाचा डाग पुन्हा पुसायला लागला. "सही बोलता है, मुकादमजी," तो मान वर न करता म्हणाला.

आत्माराम पुटपुटत निघून गेला. रखमा मशीनच्या जवळ सरकली.

"अन् दम आल्यावर?" तिनं विचारलं.

खंडेरावांनी ऐकलं. त्यांनी मशीन मागं घेतलं. कालचं सूत ताणलं गेलं, क्षणभर वडाला आणि मशीनला धरून राहिलं आणि तुटलं. एक टोक बुंध्यावर लोंबत राहिलं. दुसरं मशीनच्या चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यात अडकलं होतं. मशीन मातीच्या ढिगाकडं चाललं तसं ते पट्ट्याबरोबर वर यायचं, पुढं जायचं, खाली मातीत जायचं आणि पुन्हा वर यायचं.

डबा पदराखाली धरून रखमा त्या फेऱ्या बघत उभी राहिली.