कार्डाची परीक्षा

“ग!” आईने अक्षराचे कार्ड समोर धरताच साडेतीन वर्षांची शर्वरी म्हणाली आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या बालवाडीची मुलाखत होती आणि तिथे आईला आत प्रवेश नव्हता. म्हणून तिने अक्षरे, अंक घरीच पक्के करून घेतले होते.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मामाला शंका आली. भाची कार्डाकडे पाहतच नव्हती; आईचे ओठ मात्र प्रत्येक उत्तराआधी नकळत हलत होते.

“ताई, जरा पाठ फिरव.”

“मास्तर, आता माझ्या लेकीवर प्रयोग?” म्हणत ताईने कार्ड त्याच्या हाती देऊन पाठ फिरवली.

मामाने तोच ‘ग’ पुन्हा दाखवला. शर्वरी आईच्या पाठीकडे पाहू लागली.

“आई, तोंड दाखव ना!”

आई वळली. तिचा चेहरा निरखून शर्वरी मुकाट्याने मामाच्या मागे लपली. कार्ड न पाहता दिलेले हेही उत्तर अचूक होते.