त्यांना बहिणी म्हणा

"बहिणी करा त्यांना," तांगी टेबलावर हात आपटत म्हणाला. "सख्ख्या, चुलत, मानलेल्या, कसल्याही. पण हे प्रेमबीम आमच्या चर्चच्या आवारात चालायचं नाही."

पॅरिसहून आलेल्या दिग्दर्शिका मिरेयबाईंनी हातातली संहिता मिटली. त्यांचा सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या दोन बायकांच्या प्रेमाचा होता आणि शेवटचा प्रसंग प्लूमोर्वान गावच्या दफनभूमीतच घ्यायचा होता. परवानगी मेयरची, म्हणजे तांगीची. त्याच्या सहीशिवाय गावात कोंबडंही आरवत नसे.

"बरं, बहिणी," बाई शेवटी म्हणाल्या.

तांगीला स्फुरण चढलं. "आणि टोप्या आमच्याच गावच्या हव्यात! आमच्या बायकांच्या लेसच्या टोप्या बोलतात, बाई. फीत डावीकडे, तर कुमारिका. उजवीकडे, तर लग्न झालेली. विधवेला फीतच नाही. ती बिनफितीची टोपी घालून बाई पहिल्यांदा चारचौघांत आली, की अख्खं गाव उठून उभं राहतं. टोप्या माझी आत्या करील."

सोआझिक आत्या कोपऱ्यात बसली होती. सत्तरी ओलांडलेली, बिनलग्नाची. गावभरच्या टोप्यांना खळ आणि इस्त्री तिच्याच हातची. तिच्या घरात चाळीस वर्षं राहिलेली माइवेन गेल्या हिवाळ्यात वारली, तेव्हा निधनाच्या सूचनेत तांगीने तिला 'भाडेकरू' म्हटलं होतं. "दुसरा शब्द घाल," आत्या म्हणाली होती. त्याने घातला नाही. आत्याला ते फार लागलं होतं.

"करशील ना, आत्या?"

"न करून सांगते कुणाला?"

"काही वेडंवाकडं नको हं."

"गावाच्या रीतीत रेसभर फरक पडला, तर माझा कान धर."

शूटिंगच्या दिवशी तांगी पाहुण्यांना सायडर पाजण्यात गुंग होता. टोप्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. घरचं माणूस होतं ना त्यावर!

पुढच्या मे महिन्यात सिनेमा आधी गावच्या सभागृहात दाखवायचं ठरलं. तांगी आत्याला न्यायला गेला.

"तू हो पुढे," ती इस्त्री तापवत म्हणाली. "एक टोपी राहिलीय."

"आज? अगं, शूटिंग संपलं, आता कुणाची टोपी?"

"आहे एकीची. खोळंबलीय बिचारी."

तांगी पहिल्या रांगेत ऐसपैस बसला. पडद्यावर कुणी 'बहीण' म्हटलं, की तो पॅरिसच्या पाहुण्यांकडे पाहून मान डोलवी. मग एक बहीण तापाने गेली. दुसरी चर्चमधून बाहेर आली आणि थडग्याकडे चालू लागली. तिच्या डोक्यावर विधवेची टोपी होती.

पाहुण्यांना त्यात काहीच दिसलं नाही. पण मागे एक बाक करकरला. पाववाल्याची म्हातारी उठून उभी राहिली. मग दोन कोळी उठले, मग त्यांच्या बायका, मग रांगाच्या रांगा. कुणी ठरवलं नव्हतं, पायांनीच ठरवलं. पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. दोघीतिघी उघड रडत होत्या.

"बसा खाली!" तांगी ओरडला, आणि ओरडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपणही उभेच आहोत, आणि आपली टोपी आपल्या हातात आहे.

दिवे लागले. कुणी बसायच्या आत मागचं दार उघडलं आणि सोआझिक आत्या ताठ मानेने आत आली.

तिच्या टोपीला फीत नव्हती.