अर्धा अर्धा पासवर्ड

"तुम्हा दोघांचे अर्धे अर्धे पासवर्ड घालून ही एक कमांड लिहून ठेवली, आता रोज सकाळी फाइल आपोआप उघडेल," मी खुशीत सांगितलं.

बँकेत रोज येणारी ती एन्क्रिप्ट केलेली फाइल उघडायला अर्धा पासवर्ड तांडेलसाहेब टाइप करत, उरलेला करमळकरबाई. बढतीवरून बिनसल्यापासून दोघांत अबोला होता. तरी एकाची बोटं चालायची तेव्हा दुसरा शेजारीच, खिडकीबाहेर बघत उभा.

दुसऱ्या दिवशी फाइल आपोआप उघडली. साहेब सवयीनं उठले आणि परत बसले. बाईंचा चहा तसाच निवला.

संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. "दोघांचे पासवर्ड एकाच ठिकाणी ठेवणं बरं नव्हे. तुझी ती कमांड काढून टाक."

"पण साहेब काय म्हणतील?"

"त्यांच्याशी बोललेय मी," बाई म्हणाल्या.