एप्रनमधले लाल टाके

कामगार अधिकारी आज तपासणीला येणार, म्हणून सुपरवायझर सकाळी दारातच आम्हा शिवणाऱ्या बायकांच्या पिशव्या झाडत होता. वह्या, चिठ्ठ्या, पेनंसुद्धा काढून घेतली. रोज संध्याकाळी सहाला, सुटलो असं दाखवायला, आमची कार्डं तोच पंच करायचा आणि आम्ही नऊपर्यंत मशीनवरच. त्या तासांचे पैसे नाहीत, नोंदही नाही. नोंद होती फक्त माझ्या एप्रनच्या दुमडीत: जादा तासाला एक लाल टाका. “थांब!” त्यानं दुमड उलटली. मूळचा शिंपीच तो. बिनकामाचा टाका त्याच्या नजरेतून सुटतोय होय? नखानं एकेक मोजत गेला. “काय सापडलं?” मागून मालक गुरगुरला. नोकरी गेलीच, मी मनाशी म्हटलं. “काही नाही साहेब, शिवण उसवलीय.” सुपरवायझरनं असं सांगत दुमड परत दाबून बसवली. मग मला हळूच म्हणाला, “शनिवारचे तीन राहिलेत. अधिकारी यायच्या आत घाल.”